हरणामागची माती

हातमोजा दातांत धरून सावागुचीने तिसरे काडतूस रायफलीच्या पोटात दाबले आणि खटका पुढे सारून बंद केला. बोटे इतकी बधिर झाली होती की पितळेचा स्पर्शही कळत नव्हता. समोर एकशेसाठ मीटरवर, कुरणाच्या उंचवट्यावर, हरिणी उभी होती. ती पुढच्या खुराने बर्फ उकरी, खाली दबलेले गवत ओरबाडी आणि मान वर करून कान फिरवी.

तो पालथा पडला. पाठपिशवीवर नळी टेकवून त्याने दुर्बिणीला डोळा लावला. हरिणीने दोन पावले टाकली आणि ती पुरती आडवी आली. तिच्या मागे पांढरा उतार होता.

"मागे उतार आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. तसे म्हणायची त्याला सवय लावलेली होती. मग श्वास अर्धा सोडून त्याने चाप ओढला.

खांद्याला जोराचा धक्का बसला. दुर्बिणीतले चित्र पुन्हा जागेवर आले तेव्हा हरिणी गुडघ्यांवर बसत होती. तिने एकदा उठायचा प्रयत्न केला आणि ती कलंडली. बाराचा आवाज टेकड्यांना आपटत लांबवर गेला आणि विरून गेला.

त्यानंतरच्या शांततेत काहीतरी कमी आहे असे त्याला जाणवले. उंचवट्याच्या पलीकडे सकाळपासून एक ट्रॅक्टर घुरघुरत होता. तो आता बंद पडला होता.

सावागुची उठून उभा राहिला. आभाळ दुधाळ होते, बर्फही तसाच, आणि दोहोंमधली रेघ कुठे दिसत नव्हती. त्याने ज्याला उतार समजले होते त्याच्या ऐन मधोमध एक कावळा पंख हलवत संथपणे चालला होता. तो उतार नव्हता. ते आभाळ होते.

सावागुची बावन्न वर्षांचा होता आणि गोठ्यांतली दूध काढायची यंत्रे दुरुस्त करत होक्काइदोच्या त्या पूर्वेकडच्या मुलखात हिंडत असे. गावच्या हरीण-बंदोबस्ताच्या टोळीत त्याने दहा वर्षे छर्‍याची बंदूक चालवली होती, कावळे मारले होते, कोल्हे मारले होते. दहा वर्षांनंतरच रायफलीचा परवाना मिळतो. तो गेल्या शरदात मिळाला. टोळीचा चौर्‍याहत्तर वर्षांचा म्होरक्या होरीकिरी त्याच्यासोबत बंदुकांच्या दुकानात आला होता. हरणाला तीनशे आठच्या मापाची रायफल पुष्कळ झाली, चाळीस वर्षे आपण तीच वापरतो, असे त्याने दुकानदारासमोरच सांगितले. पण सावागुचीची नजर शेजारच्या जास्त ताकदीच्या मॅग्नम रायफलीवर होती. तिची गोळी तीनशे मीटरपर्यंत जवळजवळ सरळ जाते, अस्वल समोर आले तरी धीर राहतो, असे त्याचे म्हणणे.

"अस्वलाशी सोयरीक जमवायचीय का?" होरीकिरी म्हणाला होता. दुकानदार हसला होता. मग म्हातार्‍याने काउंटरवरची तांब्याच्या टोकाची गोळी दोन बोटांत धरली. शिशाची गोळी हरणात फुटायची आणि तिथेच संपायची. पण टाकून दिलेली हरणे खाऊन गरुड शिशाने मरू लागले आणि शिशावर बंदी आली. तांबे फुटत नाही. ते आत शिरते, फुलते आणि पलीकडून बाहेर पडते.

"एवढी ताकद त्या हरणात मावायची नाही," होरीकिरी म्हणाला. "उरलेली कुठं जाणार, याचा विचार कर. हरणामागची माती आधी बघायची, हरीण नंतर."

सावागुचीने मॅग्नमच घेतली.

आता त्याने खटका उघडून उरलेली काडतुसे काढली. एक हातातून निसटून बर्फात पडले. एकेका काडतुसाचा हिशोब द्यावा लागतो, तरीही ते शोधायला तो थांबला नाही. दहा वर्षांत असे प्रथमच घडत होते.

हरिणीपाशी तो पोहोचला तेव्हा तिच्या डोळ्यांवर बर्फाचे कण वितळत नव्हते. अलीकडच्या बाजूला फासळीमागे एक बारीक भोक होते. पलीकडे मात्र रक्ताचे शिंतोडे बर्फावर दूरवर उडाले होते, आणि सगळे एकाच दिशेने. त्याने त्या दिशेला पाहिले. उंचवट्याचा माथा तिथून जेमतेम दहा पावलांवर होता.

ती दहा पावले त्याला टाकवेनात. आपण इथूनच मागे फिरलो तर काय होईल, असे त्याच्या मनात येऊन गेले. मग तो चढून वर गेला.

खाली तात्सुतांचा गोठा होता. हे घर तो ओळखत होता. नोव्हेंबरातच तिथला पंप त्याने बदलला होता. तांबडे छप्पर, अंगणात पांढर्‍या प्लास्टिकात गुंडाळलेल्या चार्‍याच्या गोल गठ्ठ्यांची रांग. ट्रॅक्टर अंगणाच्या मधोमध उभा होता. त्याचे दार सताड उघडे होते आणि आत कोणी नव्हते.

गठ्ठ्यांच्या आडोशाला एक खुर्ची होती. खुर्चीत तात्सुता आजोबा बसले होते. त्यांची मान छातीवर पडली होती.

सावागुची धावला. बर्फ गुडघ्यापर्यंत होता, तो दोनदा पडला, रायफल पाठीवरून सरकून मानेशी आली. जवळ गेल्यावर मात्र त्याचे पाय आपोआप मंदावले. म्हातार्‍याच्या मांडीवर घोंगडी होती, कानटोपी पुरती ओढलेली. एक हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता.

"आजोबा."

त्याने हातमोजा काढला आणि बोटे म्हातार्‍याच्या नाकाशी नेली. बोटांना काही कळत नव्हते, ती थंडीने मेलेली होती. तो वाकला, गाल पुढे केला आणि तसाच थांबला. किती वेळ ते त्याला पुढेही कधी सांगता आले नाही. मग गालाला ऊब लागली.

आजोबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे नीट पाहून त्यांनी विचारले, "पंप झाला का दुरुस्त?"

"झाला," सावागुची म्हणाला आणि बर्फातच बसला.

गोठ्याच्या दारातून मिनेको बाहेर आली. ती आजोबांची सून, पस्तिशीची; नवरा हिवाळाभर शहरात बर्फ उपसायच्या कामावर, त्यामुळे चाळीस गायी आणि सासरा तिच्या एकटीवर. कोपरापर्यंतचे रबरी मोजे उतरवत ती सांगू लागली की एक गाय अडली होती, ट्रॅक्टर मधेच बंद करून पळावे लागले, वासरू आत्ताच सुटले, जगेल बहुतेक. बार ऐकला होता तिने. बरे वाटले म्हणाली, एक हरीण तरी कमी झाले.

"तुम्ही का असे बसलात? घसरलात?"

"हो."

"मामंजी ऐकतच नाहीत. रोज अर्धा तास बाहेर बसायचं म्हणजे बसायचं."

आजोबा सुनेकडे वळले. काहीतरी महत्त्वाचे सांगायचे राहिले होते अशा चेहर्‍याने ते म्हणाले, "आज मधमाशी आली होती."

"फेब्रुवारीत कसली मधमाशी, मामंजी?"

"आली होती." त्यांनी लोंबता हात सावकाश उचलला आणि उजव्या कानापाशी नेला. "ही इथून गेली. मोठी होती."

मिनेको हसली. सावागुचीने म्हातार्‍याच्या कानापासून नजर मागे नेली. खुर्चीच्या मागेच, वीतभर उजवीकडे, गठ्ठ्याच्या पांढर्‍या प्लास्टिकला एक भोक होते. अंगठा जाईल एवढे, कडा फाटलेल्या. आतला हिरवट चारा थोडासा बाहेर आला होता आणि त्याचा आंबूस वास थंड हवेत तरंगत होता.

मिनेकोचे हसणे थांबले होते. तिने भोकाकडे पाहिले. मग खुर्चीकडे. मग उंचवट्याकडे, जिथून सावागुचीच्या पावलांची खोल, वेडीवाकडी रांग सरळ तिच्या अंगणात उतरत होती. सगळ्यात शेवटी तिने त्याच्याकडे पाहिले.

"वहिनी," तो म्हणाला.

ती ट्रॅक्टरकडे गेली आणि चिकटपट्टीचे भेंडोळे घेऊन आली. पट्टी दातांनी तोडली.

"कावळे," ती म्हणाली. "फार माजलेत यंदा. टोचून ठेवतात, आत हवा शिरते आणि सगळा गठ्ठा कुजतो."

"हा कावळा नाही."

मिनेकोने पट्टी भोकावर लावली आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेली. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"गेल्या हिवाळ्यात हरणांनी एक्केचाळीस गठ्ठे फाडले," ती म्हणाली. "मार्चमध्ये चारा विकत आणला. यंदा फक्त तीन फाटलेत, ते तुमच्या टोळीमुळं. होरीकिरीकाका आणखी किती वर्षं चढणार डोंगर? त्यांच्यामागं तुम्ही, आणि तुमच्यामागं कोणी नाही. उद्या तुमचा परवाना गेला तर मी काय करू, दारात ताट वाजवत बसू?"

"पण वहिनी, मी..."

"कावळाच होता." तिने दुसरी पट्टी तोडली, पहिलीवर आडवी लावली. भेंडोळे तिच्या हातून पडले. तिने उचलले आणि ते परत पडले. या वेळी तिने ते तिथेच राहू दिले. "हरणाचं काळीज ठेवा थोडं. मामंजींना आवडतं."

तो वर परतला तेव्हा होरीकिरी हरिणीपाशी पोहोचला होता आणि बाह्या सारून पोट फाडत होता. एका गोळीत काम झाले म्हणून त्याने शाबासकी दिली. सावागुचीने उभ्या उभ्या त्याला सगळे सांगितले. म्हातार्‍याचा सुरा थांबला, पण त्याने वर पाहिले नाही.

"मागं काय होतं?"

"उतार दिसला."

"दिसला," होरीकिरी म्हणाला. मग त्याने विचारले, "ती काय म्हणते?"

"कावळा."

होरीकिरीने सुरा बर्फात खुपसून पुसला, उलटा करून पुसला, आणि स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. ज्याच्या अंगणात झाले त्याचीच तक्रार नाही तर विषय वाढवू नये, असे काहीतरी तो म्हणाला. चाळीस वर्षांत प्रत्येकाची एखादी गोळी कुठेतरी गेलेली असते, हेही म्हणाला. पण हरिणी ओढत गाडीपर्यंत नेताना त्याने नेहमीसारखी एकही थट्टा केली नाही, आणि निघताना स्वतःची रायफल त्याने दोनदा उघडून रिकामी असल्याची खात्री केली.

पुढच्या आठवड्यात सावागुची रोज कामाला गेला. गोठ्यागोठ्यांतून नळ्या बदलल्या, पंप उघडले. बाहेर कुठे इंजिन बंद पडले की त्याचे हात थांबत, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत त्याला पुढचा स्क्रू फिरवता येत नसे. एका घरी कोणीतरी विचारले, बरे वाटत नाही का. तो थंडीवर ढकलून मोकळा झाला. मनाशी त्याने हिशोब जुळवत आणला होता. कोणाला काही झाले नाही. तिला टोळी हवी आहे. यापुढे चढावरून खाली असाच बार काढायचा, मागे माती हाताला लागल्याशिवाय चाप ओढायचा नाही. रविवारी होरीकिरीने नेहमीप्रमाणे बोलावले तेव्हा त्याने येतो म्हणून सांगितले आणि सकाळी कपाटाचे कुलूप उघडून रायफल गाडीत ठेवली.

डोंगराकडचा रस्ता तात्सुतांच्या फाटकावरून जातो. आभाळ त्या दिवशी निळे होते आणि अंगणातली प्रत्येक वस्तू लांबूनही कोरून काढल्यासारखी दिसत होती. ट्रॅक्टर चालू होता. मिनेको गठ्ठा उचलत होती. तिच्या अंगात झगझगीत नारिंगी जाकीट होते. शिकारी घालतात, एकमेकांना हरीण समजून गोळी घालू नये म्हणून. आत्ता सावागुचीच्या अंगावरही तसलेच होते.

त्याने गाडी थांबवली.

आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांनाही नारिंगी जाकीट चढवलेले होते. घोंगडीवरून घातलेले, मापाला फार मोठे, समोरून सुतळीने आवळलेले. नुकतेच पाकिटातून काढल्यामुळे घड्यांच्या रेघा त्यावर अजून उभ्या होत्या. डोक्यावर त्याच रंगाची टोपी. गोठ्याच्या दारात बांधलेल्या कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा नारिंगी फडके होते.

मिनेकोने गाडी पाहिली. तिने ओळखीची मान हलवली, नेहमीसारखीच. मग ट्रॅक्टर पुढे घेतला आणि खुर्ची व रस्ता यांच्या मधे आणून उभा केला.

समोरच्या काचेखाली ठेवलेल्या वॉकीटॉकीतून होरीकिरीचा आवाज आला. बाकीचे जमलेत, चहा निवतोय, कुठे पोहोचलास.

"तात्सुतांच्या फाटकाशी," सावागुचीने सांगितले.

"मग ये की. दहा मिनिटांचा तर रस्ता."

त्याने ठीक आहे म्हटले. आवाज बारीक करून त्याने गाडी मागे घेतली, फाटकासमोर वळवली आणि गावाकडे निघाला. तिथे रविवारीही पोलिसचौकी उघडी असते.