माझ्या नावाची कमान

लष्करात मी इंजिनिअर होतो. लडाखपासून अरुणाचलपर्यंत पूल बांधले, मेजर जनरल होऊन निवृत्त झालो आणि शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी येऊन सगळ्यांना सल्ले देऊ लागलो. गावानं ते आदरानं ऐकले आणि सोडून दिले.

माझी बायको सुलक्षणा मात्र दर श्रावणात, माझी बदली कुठेही असो, एकटी गावी यायची. आमच्या घरची कानबाई, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, डोक्यावर घेऊन, नाला उतरून, पलीकडे नदीवर बोळवायला न्यायची. यंदा गुडघे नाला उतरू देईनात.

"बठ्ठा देशले पूल बांधी दिन्हात," ती म्हणाली, "माले एक बांधी द्या. कानबाई दुसरीले नई देनी माले."

मी नाल्यावर लोखंडी साकव बांधला. हत्ती गेला असता, इतका मजबूत. तोंडाशी कमान, तिच्यावर भक्कम पाटी : 'मेजर जनरल पुना नथ्थू देसले सेतू'. कमानीची उंची मी स्वतः खाली उभं राहून ठरवली, तीही गणवेशाची टोपी घालून. माझ्याहून उंच काही त्या खालून जाईल, हे सुचलंच नाही.

बोळवणीच्या सोमवारी मिरवणूक साकवाशी आली आणि थांबली. सुलक्षणाच्या डोक्यावर पाट, पाटावर कलश, त्यावर नटलेली कानबाई. समोर माझं नाव आडवं. ढोल बंद पडला.

"जरा वाकून जा," मी हळूच म्हणालो.

"कानबाई कोनापुढे वाकत नई, नाना," शेजारच्या दिपमालाअक्का म्हणाल्या आणि त्यांनी पाट घ्यायला हात पुढे केले. "सुलक्षणा, आन मना डोकावर. नालामाईन जाऊत."

सुलक्षणानं पाट घट्ट धरला आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नशीब, लष्करी सवयीनं सगळं नटबोल्टांनी जोडलं होतं. मी पाने मागवले आणि शिडीवर चढलो.

"नाना, संभाळा!" खालून बायका ओरडत होत्या. कमान उतरली. तेवढ्यात पलीकडे पाहतो तर साकव संपतो तिथे घोटाभर चिखल. तोही मला बांधताना दिसला नव्हता. पाटी उचलून मी धावत गेलो आणि चिखलावर आडवी टाकली.

सुलक्षणा साकव ओलांडून आली. डोक्यावर कानबाई असताना खाली बघता येत नाही. तिचा पाय नेमका 'मेजर जनरल'वर पडला आणि घसरला नाही. मला भरून आलं. आयुष्यभर मिरवलेला हुद्दा पहिल्यांदाच तिच्या कामी आला होता.