चुकांचा रकाना

त्या इवल्याशा चौकोनातली रेघ जरा जास्तच ठसठशीत उमटली होती – पेन्सिलीची, तिरकी, पहिल्या बेसपर्यंत गेलेली – आणि तिच्या टोकाला त्याने स्वतःच्या हाताने ‘हिट’ नोंदवलं होतं, म्हणजे चेंडू असा मारला गेला की तो पकडणं कोणाच्या बापालाही जमलं नसतं. साफ खोटं. उद्धवने स्कोअरशीट पालथं ठेवलं, पुन्हा उताणं केलं. रविवारची दुपार, पावणेपाच. सहाच्या आत शीट कोचकडे पाठवायचं, त्यानंतर काना-मात्रेचाही बदल नाही, असा लीगचा नियम. खिडकीखालून सिंगापूरच्या बुकित पंजांगची एलआरटी, दोन डब्यांची छोटी ट्रेन, गेली. ब्लॉकजवळ येताच तिच्या काचा आपोआप धुरकट झाल्या, घरात कोणाला डोकावता येऊ नये म्हणून. या सोयीचं त्याला एरवी कौतुक वाटायचं.

काल बुकित तिमाहच्या मैदानावर मुलांच्या बेसबॉल मॅचमध्ये दोन जण आउट होते, पिचिंगला ओळखीच्या सुनेत्राचा मुलगा अनिमेष, आणि चेंडू उंच उडाला तो थेट जाईकडे, त्याच्या लेकीकडे. जाई चार पावलं मागे गेली, बरोबर चेंडूखाली उभी राहिली, चेंडू ग्लव्हमध्ये आला आणि... सुटला. दोन रन झाले. हा एरर – झेलणाऱ्याची चूक – लिहिला तर ते रन चेंडू टाकणाऱ्या अनिमेषच्या माथी बसत नाहीत. हिट लिहिलं तर बसतात, आणि मलेशियात जोहोर बारूच्या स्पर्धेसाठी कोच जी टीम निवडणार तीतून पोरगं जातं. एरर लिहिला तर जाई जाते, तिच्या नावावर आधीच तीन आहेत. इतकं सरळ.

पहिल्यांदा हात चुकला तो सवयीने, हे त्याने स्वतःला दहा वेळा सांगून झालं होतं. पुण्यात क्लबाच्या क्रिकेटची वही त्याने कॉलेजभर लिहिली. तिथे सुटलेल्या झेलाला रकानाच नसतो! झेल सोडणाऱ्याला शिव्या पडतात, चहाच्या वेळी टिंगल होते, पण कागदावर फक्त फलंदाजाच्या धावा. हात आपसूक तसाच चालला. पण घरी आल्यावर जेवताना लक्षात आलं होतं की नाही? आलं होतं. आणि मग आमटी वाढून घेतली होती की नाही... घेतली होती.

हा खेळच चमत्कारिक. धावांच्या शेजारी चुकांचा आकडा फळ्यावर टांगतात, सगळ्या मैदानाला दिसेल असा. फुटबॉलमध्येही स्वतःच्या जाळ्यात गोल गेला तर नाव लागतं म्हणा, पण तिथेही मेख आहे – फटका आधीच गोलकडे निघाला असेल आणि वाटेत तुमच्या पायाला लागून गेला, तर तुम्ही सुटलात. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या त्याने हे सगळे नियम वाचून काढले होते, मजा म्हणून. एका नियमाशी मात्र मजा संपली होती. दोन खेळाडूंच्या मधोमध सोपा चेंडू पडला, दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, हात कोणीच लावला नाही – तर सहसा एरर नाही. कोणाच्याच नावावर नाही. हिट.

धाकटा भाऊ विवेक बोरिवलीत, मी इथे, आई पुण्यात एकटी. आई फोनवर म्हणाली होती, बाथरूममध्ये जरा पाय सरकला रे, दुखतोय, पण काही विशेष नाही. दोघांनाही म्हणाली होती. मला वाटलं विवेक जाईल, तीन-चार तासांचं तर अंतर. विवेकला वाटलं दादा शेजारच्या मीनलताईंना फोन करेल, त्याच्याकडे नंबर आहे. नंबर होता. चार दिवस आई खुब्याच्या हाडाला चीर घेऊन घरभर चालली, स्वतःचा कुकर लावला, आणि पाचव्या दिवशी मीनलताईच आपण होऊन आल्या. आता काठी कायमची. मग तिघांनी मिळून ठरवल्यासारखं केलं की चूक कोणाचीच नाही. ‘तुम्ही दोघं कामात,’ आई म्हणाली. किती हायसं वाटलं होतं तेव्हा, लाज वाटावी इतकं.

“बाबा.” जाई मागे उभी होती, ओले केस पुसत. तिचा डोळा शीटवर. “तो एरर माझा ना? हिट का लिहिलंस?”

“उन्हात दिसला नसेल गं तुला.”

“दिसला लाह,” ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. “मी मागे गेले, ‘माइन, माइन’ ओरडले, ग्लव्हला लागला पण.”

“चौथा एरर होईल जाई. टीममध्ये घेणार नाहीत.”

“आय नो.” तिने टॉवेल खुर्चीवर टाकला. रडवेली झाली होती, पण आवाज तसा नव्हता. “पण हिट लिहिलं की असं दिसतं, मी तिथे नव्हतेच.”

ती आत गेली. सव्वापाच झाले, साडेपाच. अनिमेषचं काय, जाईचं काय, कोचला काय लिहायचं – हे सगळं एकाएकी फार सोपं वाटायला लागलं, आणि अवघड होतं ते भलतंच. रविवारी सहाच्या सुमारास आईचा फोन येतो. ती म्हणेल, कामात असशील, ठेवते. ती कधीच विचारणार नाही, उद्धव, तू का नाही आलास... आणि हे त्याला आज पहिल्यांदा तिचं मोठेपण वाटेना. विचार ना गं एकदा, त्याच्या मनात आलं, ओरड माझ्यावर, नाव घेऊन ओरड. आतल्या खोलीत जाई कपाट उघडझाप करत होती, आदळत होती, चिडली होती चांगलीच. आपल्या बारा वर्षांच्या लेकीचा त्याला हेवा वाटला. तिची चूक तिची होती. ती तिथवर पोहोचली होती.