बायडाबाई हे कुणाचं नाव

उचगावच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बायकांसाठी दुपारचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला, तेव्हा स्वप्नालीनं सासूलाही ओढून नेलं. नात इंग्रजी शाळेत जायची, घरी येऊन आजीपुढं 'नाऊन' आणि 'व्हर्ब' घोकायची आणि आजी नुसती मान डोलवायची. ते स्वप्नालीला बघवत नव्हतं.

सासू बायडाबाई साठी ओलांडलेली, पण डोकं तल्लख. पहिल्याच दिवशी तिनं वर्षाराणी मॅडमना सांगितलं, "म्हस लाथ मारती, त्यातलं मारती म्हंजे व्हर्ब. व्हय का न्हाय?" सगळा वर्ग हसला होता.

त्या दिवशी नाऊन चाललं होतं. मॅडम म्हणाल्या, "बाई, गाव, नदी ही कॉमन नाऊन. बाई कुणीही असू शकते. पण मोना म्हटलं की ही समोर बसलेली मोना. ते तिचं स्वतःचं, म्हणून प्रॉपर नाऊन, विशेषनाम. आता प्रत्येकीनं आपापलं सांगा बघू."

बायका एकेक करून सांगत गेल्या. बायडाबाई उठून उभी राहिली आणि गप्पच झाली. लाजली असेल, म्हणून स्वप्नाली हळूच म्हणाली, "आत्ती, नाव सांगा की."

"सांगू कुठलं?" सासू मॅडमकडं बघत म्हणाली. "सोताचं म्हणताय तर बायडाबाई माझं न्हाय. ते ह्यांच्या पयल्या बायकूचं. ती बाळंतपणात गेली, मग मला करून आणली. सासू म्हणाली, सगळ्यांच्या तोंडात बायडा बसलंय, आता नवं नाव कोण घोकत बसणार? तवापास्नं मी बायडा."

मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. स्वप्नालीला तर पहिली बायको होती हेच माहीत नव्हतं. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला घरात पान वाढलं जायचं आणि भटजी बायडाबाईचं नाव घ्यायचे. कुणी जुनी पणजी असेल त्याच नावाची, असं ती समजून चालली होती. तो सगळा स्वयंपाक सासूच करायची. आपलंच नाव मेलेल्या बाईसाठी घेतलेलं ऐकत तिथंच उभी राहायची.

घरी आल्या आल्या ती गोठ्यात गेली. सासरा आकाराम म्हशीपुढं पेंड टाकत होता.

"मामा, आत्तींचं माहेरचं नाव काय?"

तो थबकला. "पूर्णिमा," तो म्हणाला. "कुरुंदवाडची पूर्णिमा."

म्हणजे विसरला नव्हता. "मग त्या नावानं कधी हाक का मारली न्हाई?"

"आईनं ठरवलं हुतं." त्यानं पेंडीचे हात धोतराला पुसले. "आन खरं सांगू का पोरी, मला बी ते बरं वाटलं. बायडा म्हणून हाक मारली आन आतनं ओ आली, की वाटायचं, ती गेलीच न्हाय."

मागं काहीतरी खडखडलं. सासू दारात उभी होती आणि धारेची रिकामी बादली तिच्या पायाशी पडली होती. इतकी वर्षं बायडाबाईनं हे आपल्या सासूच्या आळसावर घातलं होतं.

"म्हंजे संसार तुमी तिच्यासंगं केलासा," ती सावकाश म्हणाली. "मग मी कुठं हुते?"

तिनं बादली उचलली आणि म्हशीखाली बसली. धारेची वेळ टळून चालणार नव्हतं.

रात्री जेवताना स्वप्नालीच्या नवऱ्याला, सम्राटला, सगळं समजलं. घास हातात धरून तो आईकडं बघत राहिला. एवढ्यात आकारामनं खाली मान घालून ताट पुढं सरकवलं.

"पूर्णिमा, आमटी वाढ जरा."

ती हलली नाही.

"ऐकू आलं न्हाय व्हय?"

"आलं की," ती म्हणाली. "पर कुणाला हाक मारलीसा, ते कळंना झालंय."

स्वप्नाली उठली आणि तिनंच आमटी वाढली.