न वाकता घालायचा बूट

पेटंट कचेरीतल्या परीक्षक बाई म्हणजे भारी खट. कोणी नवा शोध म्हणून काही आणलं, की त्याचं जुनं भावंड कुठून तरी हुडकून काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पण या बुटापुढे त्यांनी हात टेकले. पाय ठेवला की टाच खाली दबते, पाय आत गेला की पोलादी पट्टी तिला पुन्हा उभी करते. वाकायला नको, हात लावायला नको! देशोदेशीचे कागद पालथे घातले, पण असली पट्टी कुठे म्हणून सापडली नाही. बाई मनातून खूश होत्या.

सुनावणीला बूटवाला आला तो आईला घेऊनच. तिची कंबर वाकत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. पेटंट मिळालं, तर एक मोठा कारखाना त्याचे बूट करायला तयार होता.

"टिकतो ना नीट?" बाईंनी आपलं सहज विचारलं.

झालं, गडी फुशारला. "टिकतो म्हणजे? अहो, अर्ज करायच्या आधी वर्षभर आई हेच घालून बाजारात जात होती. लोक थांबवून थांबवून बघायचे. आतली पट्टीसुद्धा ती सगळ्यांना दाखवायची!"

बाईंनी कपाळावर हात मारला. अरे शहाण्या! अर्जाआधी चारचौघांत दाखवलेली वस्तू कायद्याने नवी राहतच नाही. "मग पेटंट विसरा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

बूटवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"थांबा हो बाई," आई म्हणाली. "मी कुठे घातलेत? कपाटातच होते. हा दिवसभर दुकानात, याला काय दिसतंय? लोक बघतात, विचारतात, हे मी आपलं याला बरं वाटावं म्हणून सांगायची."

"आजी, लेकासाठी थाप मारताय ना?"

"थाप मारली ती त्याला." तिने पिशवीतून बूट काढून उलटे धरले. तळ कोरे करकरीत, धुळीचा कण नाही.

बाईंनी तळ निरखले, शिवण निरखली आणि त्या मोकळेपणी हसल्या. "म्हणजे कोणी पाहिलेच नाहीत! तसं लिहून द्या आजी. वाचलात हो तुम्ही!"

बूटवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. एक बूट हातात घेऊन तो आईकडे बघत होता.

"आई," त्याने हळूच विचारलं, "चावतात का गं?"