घारीला म्हणावं

आमच्या परळीच्या घराला गच्ची एकच, आणि माझी थोरली जाऊ, शिवकन्याअक्का, गेल्या उन्हाळ्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. कारण काय, तर कुरडयांचा चीक करपला. ती म्हणाली, मी हाटायला उशीर केला. मी म्हणाले, जाळ तिनं वाढवला. तेव्हापासून निरोप न्यायला आमचे नवरे, आणि ते दुकानात गेले की मांजर. "मने, नळाला पाणी आलं म्हणावं," असं अक्का ओरडायची आणि मी घागर घेऊन पळायचे.

यंदा माझ्या धनश्रीचं लग्न ठरलं. पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं ते अक्कानंच. आता ती लग्नात उभी राहील का, हे मनीकरवी कसं विचारणार? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या सकाळी मी गच्चीवर लग्नाचे पापड वाळत घालत होते. अक्का कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून मिरच्यांची देठं कात्रीनं कापत बसली होती. तेवढ्यात धप्पकन पापडांवर घार कोसळली. संक्रांतीपासून तारेला लोंबणारा मांजा तिच्या पंखाला गुंडाळला होता. केवढी मोठी होती ती! चोच वासून माझ्याकडेच बघत होती. मी बावळटासारखा हात घातला आणि तिनं मनगटात नखं रुतवली.

"घारे," मागून अक्का म्हणाली, "आधी डोळे झाकावं म्हणावं. कावून घाई करतेत लोकं?"

"घारे, फडकं द्यावं की मग कुणीतरी."

अक्कानं खांद्यावरचा टॉवेल घारीच्या डोक्यावर टाकला. घार गप झाली. मी तिचे पाय धरले, अक्का मांजा कापू लागली.

"घारे, पीस कापू नका म्हणावं अक्काला."

"घारे, मला शिकवू नको म्हणावं तिला."

मला हसू आवरेना. अक्कानंही ओठ घट्ट दाबून धरले होते.

शेवटचा वेढा सुटला तसं आम्ही तिला कठड्यावर ठेवून टॉवेल काढला. क्षणभर ती तशीच बसून राहिली. मग पंख झाडून निघाली, जरा खाली गेली आणि मग समोरच्या पिंपळावरून वर वर गेली.

मनी खाली झोपली होती. नवरे दुकानात. आता बोलायचं तर मधे कुणीच नव्हतं. अक्का माझ्या मनगटावरच्या रक्ताकडे बघत उभी राहिली.

"गंगे," ती म्हणाली, "चल, हळद लावते. लई खोल गेलंय."

मला रडूच फुटलं.

"रडू नको बे-अकलेवानी. आज तुला लावते, मंग धनश्रीला लावते. तिला पयली हळद माझीच लागंल, सांगून ठेवते."

आणि हे तिनं मलाच सांगितलं.