उसना खळगा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, आणि तोही नकली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्हाला तोंड फिरवायला नको. मला माझी लाज वाटते आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही.

मी जेवण गरम करणारा विजेचा डबा. चीनमधल्या शेन्झेन शहरात कचेरीतले लोक घरून भात-भाजी आणतात, माझ्यासारख्याच्या तळात थोडं पाणी घालतात आणि वायर लावतात. जरा वेळाने झाकण उघडलं की वाफाळतं जेवण तयार. ज्या डब्यावरून मला बनवलं, तो रुईलान नावाच्या बाईच्या छोट्याशा नव्या कंपनीचा. त्याची ड्रॉइंग काढली मो दादांनी. कंपनी म्हणजे दोन टेबलं होती, तेव्हापासून ते तिच्यासोबत.

माझा जन्म मात्र झान शेठच्या कारखान्यातला. शेठने बाजारातून एक अस्सल डबा विकत आणला आणि चहा संपायच्या आत त्याचे तुकडे टेबलावर मांडले.

"जसाच्या तसा पाहिजे," शेठ म्हणाला. "आपली अक्कल चालवायची नाही. अक्कल त्यांनी चालवलीय, आपण फक्त हात चालवायचे."

कारागिरांनी खरोखरच अक्कल चालवली नाही. अस्सल डब्याच्या तळाला तांदळाच्या दाण्याएवढा एक खळगा होता. तो कशाच्याही कामाचा नव्हता. साच्यात काहीतरी बिनसलं म्हणून पडलेला. एकाने विचारलं, "हा पण घालायचा?" दुसरा म्हणाला, "घाल रे, असेल काहीतरी कारण." म्हणजे बघा, माझ्या अंगावरची चूकसुद्धा माझी नाही, उसनी आणलेली.

बाजारात मी धूळ खात पडलो असतो, पण रुईलानने मला बघितलं आणि विकत घेतलं. मला वाटलं, आता माझ्यात कुणीतरी भात ठेवील. तिने मला टेबलावर शत्रूसारखं मांडून ठेवलं. येताजाता ती माझ्याकडे अशी बघायची की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

माझ्यापायी तिचं सगळं लक्ष भलतीकडे गेलं. आपल्या डब्याचे भाग कुणाला सुटे करता येऊ नयेत म्हणून तिने त्याला चमत्कारिक स्क्रू लावले. झान शेठचं त्यामुळे काही अडलं नाही. गिऱ्हाइकांचं मात्र अडलं, कारण झाकणाच्या रबरी रिंगला वास यायचा आणि आता ती काढून धुताही येईना.

"रुईलान, लोक रिंगच्या नावाने बोंबलतायत," मो दादा म्हणाले. "आधी ती बदलू."

"बदलली की तीही उचलतील."

"उचलू देत की. लोकांचं जेवण तरी बिनवासाचं होईल."

"तुम्हाला बरं सगळं सोपं वाटतं," ती म्हणाली. "ड्रॉइंग कोणाकडे असतात हो, मो दादा?"

 मो दादा स्क्रूड्रायव्हर खिशात घालून बाहेर गेले. त्या दिवसापासून कचेरीत लोक त्यांच्याशी जपून बोलायला लागले. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण डब्याला तोंड असतं ते फक्त अन्न घालायला.

वर्षअखेरचं जेवण आलं. त्या जेवणात अख्खी कोंबडी मांडतात. मालक तिचं डोकं ज्याच्याकडे करील, त्याची नोकरी गेली असं समजायचं, ही तिथली जुनी चाल. हल्ली कुणी ती पाळत नाही. मालकच हसत डोकं आपल्याकडे फिरवून घेतात. रुईलानने मला खास त्या जेवणाला आणलं, एका खुर्चीवर बसवलं आणि कोंबडीचं डोकं माझ्याकडे केलं.

"यंदा याला काढलं," ती म्हणाली. सगळे पोट धरून हसले.

मग तिने ताट आणखी थोडं फिरवलं. माझ्या शेजारी मो दादा बसले होते.

"आणि याला जन्माला घालणाऱ्यालाही."

हसणं थांबलं. मो दादांनी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. इतकी माणसं तिथे होती, पण एकानेही वर बघितलं नाही.

मला कोपऱ्यात भिरकावून द्यावं म्हणून रुईलानने मला उचललं. तिचा अंगठा नेमका तळाच्या खळग्यावर पडला. ती थबकली. तिने मला उलटं केलं.

"हा ड्रॉइंगमध्ये नव्हता," ती हळूच म्हणाली. "हा नंतर साच्यात पडला. मी रडले होते तेव्हा." मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे नक्कल करणाऱ्यांनी ड्रॉइंग बघितलेलंच नाही. आपला डबा बघून केलाय."

तिने कोंबडीचं डोकं आपल्याकडे फिरवलं. "मो दादा, चुकलं माझं. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"कोंबडी गार होतेय, खाऊन घे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे बोलले, "त्यांनी खळगासुद्धा उचलला, बघितलंस? कुठली गोष्ट कशासाठी आहे, ते त्यांना ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. रिंगला वास येतो हेही ठाऊक आहे. आणि आपण तीन महिने स्क्रूच बदलत बसलो."

मग त्यांनी दोनदा रस्सा वाढून घेतला, एक विनोदही केला. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

नव्या वर्षाच्या सुट्टीला सगळे गावी गेले. कचेरी उघडली त्या सकाळी, चालीप्रमाणे, रुईलान दारात शकुनाचे पैसे घातलेली लाल पाकिटं घेऊन उभी राहिली. परत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक. साधे स्क्रू परत आले होते, नवी रिंगही आली होती, ती मो दादांना दाखवायची म्हणून तिने दुसऱ्या हातात धरली होती. दुपार झाली तरी एक पाकीट उरलंच. शेवटी तिने फोन लावला.

"गावी बरं वाटतंय गं," मो दादा म्हणाले. "रिंग पातळ घेऊ नकोस. लवकर फाटते."

ते पाकीट तिने माझ्यात ठेवलं आणि झाकण लावलं. माझ्यात कुणी काही ठेवलं, ते तेवढंच.

आता कंपनी बरी चालते. झान शेठने नवी रिंगही उचलली, पण रुईलान तिकडे बघत नाही, ती गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकत बसते. मित्रांनो, उद्या तुम्ही काही नवं कराल आणि कुणीतरी त्याची नक्कल करील. करू दे. तुम्ही आपलं काम आणखी चांगलं करा, आणि चोर शोधायला आपल्याच माणसांच्या तोंडाकडे बघू नका. माणूस एकदा मनातून दुखावला की आपण माफी मागितली तरी परत येतोच असं नाही.

दरवर्षी कचेरी उघडते त्या दिवशी रुईलान माझं झाकण उघडून बघते आणि परत लावून टाकते. मी नकली आहे, पण मो दादांचं पाकीट मी नीट जपलंय. कधी आले, तर त्यांना तसंच मिळेल.