खिडकीतला तिसरा दिवा

टानेनग्रुंडमध्ये कुणाला मुलं किती, असं विचारायची पद्धत नाही. डिसेंबर तोंडावर आला की रस्त्याने चालत जावं आणि खिडक्यांकडे बघावं. घरात मुलगा असेल तर खिडकीत लाकडी खाणकामगार, मुलगी असेल तर देवदूत, आणि प्रत्येकाच्या हातात दिवा. खाणी बंद पडून जमाना झाला. वरचं कम्युनिस्ट सरकार देवदूताला देवदूत म्हणायलासुद्धा नाक मुरडतं. तरी नाताळआधीच्या चार रविवारांतला पहिला उजाडला की गावातली एकही खिडकी काळी राहत नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी कचेरीत असतात, पण गावाचा विश्वास खिडक्यांवर.

हेडविग नॉयबर्टच्या खिडकीत गेली पंचवीस वर्षं दोन खाणकामगार आणि एक देवदूत उभे राहत होते. थोरला गेरोल्ड, मधली मारिट, धाकटा योखेन. बाकीच्या घरांत या आकृत्या कापायचं काम बापाने करायचं असतं. नॉयबर्टांकडे तो प्रश्नच नव्हता. हेडविगचा नवरा अर्नो बस चालवायचा आणि झकास चालवायचा, पण त्याच्या हातात बारीक पात्याची करवत दिली की पाच मिनिटांत तीन पाती मोडायचा. त्याच्याकडे फक्त घासायचं काम. पॉलिश पेपर घेऊन बसवलं की तासन्‌तास निमूट घासत बसे.

हेडविगच्या माहेरी मात्र अख्खं घर करवतीच्या नादी लागलेलं. आजोबा पायाने चालवायच्या करवतीवर बसले की जेवायला तीनदा हाका माराव्या लागत. आत्याने स्वतःच्या लग्नाच्या सकाळी प्लायवूडची दिव्यांची कमान कापून पुरी केली आणि नवरदेवाला दारात तासभर तिष्ठत ठेवलं. वडिलांनी तर सांस्कृतिक भवनाच्या मागच्या खोलीत गावासाठी करवतीचं मंडळच सुरू केलं. पाच यंत्रं, अकरा टेबलं, दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. वडील गेल्यावर चावी हेडविगकडे आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत तिने एक गुरुवार चुकवला होता, तोही मारिटच्या बाळंतपणासाठी, आणि त्याबद्दलही ती मारिटला अधूनमधून ऐकवायची.

मग १९८४चा ऑगस्ट आला. योखेन सुट्टीला म्हणून हंगेरीत गेला आणि परत आलाच नाही. सहा आठवड्यांनी बंद सीमेपलीकडच्या हांबुर्गहून पत्र आलं, तीन ओळींचं. बरा आहे, काम मिळालंय, रागावू नका. हेडविग रागावली, भयंकर रागावली. एक महिनाभर तिने त्याचं नाव घेतलं नाही आणि त्याच महिन्यात रोज त्याच्या खोलीतली चादर बदलली.

पहिल्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी डिटमार आला. सांस्कृतिक भवनाचा प्रमुख, पक्षाचा माणूस, वय चौतीस. पण आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत तो हेडविगच्याच हाताखाली करवत शिकला होता, त्यामुळे आजही तिच्या स्वयंपाकघरात शिरताना तो आधी बूट झटकायचा.

"बाई, वेळ आहे का?"

"नाही. बस. कॉफी घे."

डिटमार बसला. कॉफीत साखर घातली, ढवळली, परत ढवळली.

"काय ते बोल रे. कपाचा तळ झिजेल."

"रविवारी जिल्ह्याची माणसं येणार आहेत. गावातल्या खिडक्या बघायला. आपल्या रस्त्यावरून चालत जाणार."

"येऊ देत की. काच पुसून ठेवते."

"बाई, तुमच्या खिडकीत..." त्याने आवाज खाली आणला. "योखेनचा खाणकामगार यंदा नको. त्याने देश सोडला. नोंदीत आता तुम्हाला दोन मुलं. खिडकीतही दोनच दिसायला हवीत."

हेडविगने हातातला टॉवेल दांडीवर टाकला. "म्हणजे कचेरीने माझं बाळंतपण रद्द केलं?"

"चेष्टा नका करू."

"मी कुठे करतेय? मला तर वाटलं, तूच करतोयस."

"मला वरून विचारलंय. फितुराचा दिवा भर रस्त्यावर लावतात, हे कसं काय, म्हणून. तिसरी लाकडी बाहुली त्या खिडकीत दिसली, तर मंडळाची खोली बंद होणार. चावी मलाच घ्यायला यावं लागेल, आणि मी येईन. हे आधीच सांगतो."

"बाहुली म्हणू नकोस. तुला तसं शिकवलेलं नाही."

डिटमारचे कान लाल झाले. कॉफी तशीच टाकून तो उठला.

दाराआड उभा राहून अर्नोने सगळं ऐकलं होतं. तो जन्माचा भित्रा नव्हता, पण बस चालवणाऱ्याला समोर खड्डा दिसला की वळायची सवय असते. तो म्हणाला, "हेडे, दोन दिवे लावू. चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे. पोराला तिकडे कुठे कळणार आहे?"

"मला कळणार आहे."

"अगं, वडिलांची खोली आहे ती. अकरा माणसं आहेत. तिथे जायचं नाही तर तू करणार काय? घरात बसून माझं डोकं खाशील."

"ते मी तिथे जाऊनही खाते."

पण त्याचं बोलणं तिला लागलं होतं. गुरुवारी मंडळात ओएमेबाईंनी टेबलाशी येऊन हळूच सांगितलं, "गावात कुजबुज चालू आहे. हेडविग, तुझं दुःख आम्हाला कळत नाही असं नाही. पण आम्हाला ही एकच संध्याकाळ आहे गं." ओएमेबाई एकट्या राहायच्या, नवरा युद्धातून परतला नव्हता. गेली दहा वर्षं त्या एकच हरीण कापत होत्या आणि त्याची शिंगं दर वेळी मोडत होती. अशा माणसाकडून संध्याकाळ काढून घ्यायची म्हणजे काय, हे हेडविगला चांगलं समजत होतं. घरी जाताना ती बर्फात दोनदा थांबली. डिटमारवर तिला राग होताच, पण त्याहून जास्त राग योखेनवर आला. स्वतः मोकळा झाला आणि निवड करायला आईला मागे ठेवलं. मेल्याने पत्रात आणखी दोन ओळी तरी लिहायच्या होत्या.

शनिवारी दुपारी तिने माळ्यावरून पेटी काढली. गेरोल्डचा खाणकामगार, मारिटचा देवदूत आणि सर्वांत खाली जुन्या रुमालात गुंडाळलेला योखेनचा. टोपीवरचा तुरा अर्धा तुटलेला. सहा वर्षांचा असताना त्याने तो खेळण्यातल्या घोड्यावर बसवला होता आणि घोड्यासकट जिन्यावरून खाली सोडला होता. हेडविगने कधी तो तुरा चिकटवला नाही. तुटका आहे तर तुटका राहू दे, तोही तसाच आहे, असं ती म्हणायची.

बराच वेळ ती खाणकामगार मांडीवर घेऊन बसली. मग उठली, कपाटामागून प्लायवूडची एक मोठी फळी ओढली, खिडकीच्या एका तावदानाएवढी. खाणकामगार त्या फळीच्या मधोमध आडवा ठेवला आणि पेन्सिलीने त्याच्या कडेकडेने रेघ ओढली, तुटक्या तुऱ्यासकट.

"आणखी एक करतेस?" अर्नो दारातून डोकावला. "एकावर भागेना का तुझं?"

"घासायची तयारी कर."

एरवी आकृती कापताना फळीच्या काठावरून आत शिरतात. आकृती हाती आली की झालं, उरलेली फळी काठापर्यंत चिरलेली असते आणि ती चुलीत जाते. हेडविगने तसं केलं नाही. तिने गिरमिटाने रेघेवरच, बुटाच्या टाचेपाशी, एक बारीक भोक पाडलं. पातं एका टोकाने सोडवलं, भोकातून ओवलं आणि परत ताणून बसवलं. आता फळीला काठावर कुठेही चीर जाणार नव्हती. पहिलं पातं गुडघ्यापाशी मोडलं. दुसरं दिव्याच्या वळणावर. तिने शिवी दिली, नवीन ओवलं आणि मोडलं होतं तिथूनच पुढे निघाली. बोटांना ती वळणं पाठ होती, तिला रेघेकडे फारसं बघावंही लागलं नाही. पेन्सिलीची रेघ मागे पडत गेली आणि भुसा तिच्या मांडीवर साठत गेला.

शेवटची दोन सूत उरली तेव्हा तिने वेग कमी केला. खट्‌ झालं आणि खाणकामगार फळीतून निसटून तिच्या हातात आला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो तिने जुन्या खाणकामगाराशेजारी रुमालात ठेवला, रुमाल पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. फळी उचलून अर्नोपुढे धरली. मधोमध खाणकामगाराएवढी रिकामी जागा. तिच्यातून अर्नोला आपल्या बायकोचं तोंड दिसलं.

"आतल्या कडा घास," ती म्हणाली. "नीट."

पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून अर्नो तुऱ्याच्या कोपऱ्यात शिरला.

रविवारी चारलाच अंधारायला लागलं. हेडविगने खिडकीत डावीकडे गेरोल्डचा खाणकामगार ठेवला, उजवीकडे मारिटचा देवदूत. मधल्या तावदानाला फळी टेकवली, आतून बटर पेपर चिकटवला आणि मागे पंधरा वॅटचा बल्ब लावला. मग शाल गुंडाळून ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. कडेचे दोघे काळे दिसत होते, फक्त त्यांच्या हातातले दिवे उजळ. मधला मात्र टोपीपासून टाचेपर्यंत नुसता उजेडाचा होता. तिला भडभडून आलं. ती तिथेच बर्फात उभी राहून रडली आणि रडून झाल्यावर नाक पुसून घरात आली.

जिल्ह्याची माणसं साडेचारला आली. रस्त्यावर घोळका थांबला. पुढे गेला. पाच मिनिटांनी डिटमार एकटा दारात आला. या खेपेला त्याने बूट झटकले नाहीत.

"बाई, हे काय आहे?"

"तू सांगितलंस तसं केलं. तिसरा खाणकामगार खिडकीत नाही. पेटीत आहे, बघायचा तर बघ."

"मग ते मधे काय?"

"ती टाकाऊ फळी. चुलीत घालायच्या आधी जरा टेकवली."

डिटमार खिडकीशी गेला. त्याचा अंगठा आपसूक फळीच्या आतल्या कडेवरून फिरला, तुऱ्यावरून, दिव्याच्या वळणावरून, टाचेपर्यंत. काठावर कुठे चीर आहे का, ते तो शोधत होता. सापडली नाही. एक क्षण तो सोळा वर्षांचा दिसला.

मग तो म्हणाला, "सगळ्यांना कळतंय कोण आहे ते."

"मग ठीक झालंय."

"खाली घ्या, बाई. मी हात जोडतो. त्यांनी मला विचारलं, या बाईला मुलं किती? मी काय सांगू?"

"तीन सांग. मी जन्म दिलाय, मला आकडा पाठ आहे. एक पळाला. त्याच्यावर मी चिडलेय आणि आयुष्यभर चिडेन, तो माझा हक्क आहे. पण तो झालाच नाही, असं माझ्याकडून कुणी म्हणवून घेणार नाही. तूही नाही आणि ते रस्त्यावरचे टोपीवालेही नाहीत."

डिटमारने फळी उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात अर्नो उठला. खुर्ची मागे पडली. आयुष्यात कधी कुणाच्या वाटेत उभा न राहिलेला माणूस खिडकी आणि डिटमारच्या मधे जाऊन उभा राहिला.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला. "ती मी घासलीय."

डिटमारचा हात तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला आणि तळवा वर केला. "चावी द्या, बाई."

हेडविगने एप्रनच्या खिशातून चावी काढली. हे होणार म्हणून तिने ती सकाळपासून खिशात ठेवली होती. तरी देताना बोटं सुटेनात. वडील, पाच यंत्रं, अकरा टेबलं, ओएमेबाईंचं हरीण, सगळं त्या एवढ्याशा लोखंडात होतं. तिने चावी त्याच्या तळव्यावर ठेवली.

"ओएमेबाईंना सांग, गुरुवारी पाच वाजता माझ्या स्वयंपाकघरात या. हरीण घेऊन. बाकीच्यांनाही सांग. ज्याला भीती वाटेल त्याने येऊ नये, मी रागावणार नाही. तुला यायचं तर तूही ये, पण बूट झटकून."

डिटमारने चावी खिशात टाकली आणि बाहेर पडला.

दार लागताच अर्नो खुर्चीवर चढला. स्वयंपाकघराच्या छताला शंभर वॅटचा बल्ब होता. हाताला चटके बसत असताना त्याने तो फिरवून काढला. खोलीत अंधार झाला. चाचपडत तो खिडकीशी आला, पंधराचा काढून शंभरचा लावला आणि मधला बटर पेपर टरकन्‌ फाडून टाकला.

खाणकामगाराच्या आकाराचा उजेड काचेतून बाहेर पडला, अंगणातल्या बर्फावर लांबच लांब पसरला आणि थेट रस्त्यापर्यंत गेला, तुटक्या तुऱ्यासकट. डिटमार अजून फाटकाशी पोचला नव्हता. त्याने खाली पाहिलं आणि थबकला. बाजूला दोन्हीकडे गुडघाभर बर्फ होता. त्याला त्या उजेडातूनच जावं लागलं.

"आता जेवायचं कसं?" अंधारात हेडविगने विचारलं.

"टेबल धर त्या बाजूने," अर्नो म्हणाला. "खिडकीपाशी नेऊ."